सोवळ्याला खिसा नसतो

१

भाऊबीजेच्या सकाळी नम्रता माहेरी आली ती ओवाळायचं ताट घेऊन नव्हे, हवालदाराला घेऊन.

"ही बरणी," तिने ओट्याकडे बोट दाखवलं. "अप्पांचं उटणं हीच दळते. वेगळं. फक्त त्यांच्यासाठी."

हवालदाराने बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला, दणदणीत शिंकला आणि बरणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. हेमा ओट्यापाशी नुसती उभी राहिली. आपल्याच स्वयंपाकघरातली वस्तू पुरावा म्हणून बाहेर निघाली की माणसाने हात कुठे ठेवायचे असतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

झालं होतं ते असं. हेमाचे सासरे गोपाळकृष्ण वैशंपायन, घरच्यांचे अप्पा, सत्तरी उलटलेले. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद होऊनही आता बरीच वर्षं लोटली. नरकचतुर्दशीला पहाटे अप्पांनी रीतीप्रमाणे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान केलं, फराळ केला, "चकलीत मोहन कमी पडलंय" असा शेराही मारला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पूजा आटोपून देवघरातून बाहेर आले ते लालभडक होऊन. दुपारपर्यंत त्या लालीवर पुवाचे बारीक फोड उठले, मोहरी सांडावी तसे अंगभर. ताप चढला. संध्याकाळी सगळी कसबा पेठ फटाके उडवत असताना त्यांना इस्पितळात, अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. तेव्हापासून त्यांची प्रकृती उतरतच होती.

आणि उटणं हेमाने दळलं होतं. घराला बाजारचं पाकीट, अप्पांना मात्र आंबेहळद जास्त घातलेलं घरचं. ही त्यांची आवड तिने हौसेने सांभाळली होती, आणि आता तीच तिच्या गळ्याशी आली होती.

"तुमच्या भंडाऱ्याकडे काय काय घालतात, कोण जाणे," नम्रता म्हणाली. मग हवालदाराकडे वळून, "राग होताच हिच्या मनात. अप्पांचं सोवळं हिला कधी सोसलं नाही."

हे मात्र खोटं नव्हतं. हेमा नोकरीसाठी भंडाऱ्याहून पुण्यात आली आणि नम्रताच्या भावाशी, आमोदशी, लग्न करून या घरात आली. सासूबाई होत्या तोवर ठीक होतं. त्या गेल्या आणि अप्पांचं सोवळं एकदम वाढलं. त्यांचा टॉवेल कोणी उचलायचा नाही, कपडे ते स्वतः धुणार, खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही, देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. हेमाने त्याचा एकच अर्थ लावला होता, की आपण बाहेरच्या. एकदा रडून तसं ती बोललीही होती, सगळ्यांसमोर. त्या बोलण्याला आज पाय फुटले होते.

हवालदार जिना उतरतोय तोच आमोदचा फोन आला. तो लक्ष्मीपूजनापासून इस्पितळातच होता.

"हेमा, त्वचेच्या डॉक्टर आल्यात. अप्पांना बघून बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या माहितीये? सुनेला बोलवा."

२

डॉ. सुरुची केतकर खरं तर निवृत्त होऊन धायरीला बागकाम करत होत्या. पण दिवाळीत शहरातले निम्मे त्वचारोगतज्ज्ञ फिरायला गेलेले, त्यामुळे इस्पितळाने त्यांना रिक्षा पाठवून बोलावून घेतलं होतं. ठेंगणी मूर्ती, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि चेहऱ्यावर आपल्याला उगाच त्रास दिला जातोय असा भाव.

"तुम्ही सून? तेल तुम्ही लावलंत?"

"हो." हेमाने मान डोलावली.

"कुठे कुठे?"

"डोक्याला. चांगलं अर्धी वाटी जिरवलं."

"पाठीला? दंडाला?"

"नाही. अप्पा अंग उघडं टाकून बसत नाहीत. पाटावरसुद्धा सदरा घालूनच बसतात. उटणं ते न्हाणीघरात स्वतःच लावतात."

"डोक्याला अर्धी वाटी तेल," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या, "आणि डोक्यावर एकही फोड नाही."

हेमा रडायच्या बेतात आली. "म्हणजे माझ्यामुळे नाही ना?"

"असं मी म्हटलेलं नाही. डोक्यावर फोड नाही, एवढंच म्हटलं. तेलाचं झालं. उटण्याचं राहिलं."

पुण्यात दिलासासुद्धा मोजून मिळतो. हेमाने डोळे पुसले.

आमोद पुढे झाला. डॉक्टरांनी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं, की पुवाचा नमुना तपासला; त्यात पू आहे, पण जंतू सापडलेले नाहीत. अशा निर्जंतुक पुवाचे फोड उठायला बाहेरचं विष लागत नाही. पुष्कळदा अंगातला जुनाच त्वचारोग असा वेश बदलून उभा राहतो.

"पण अप्पांना त्वचारोग नव्हता कधी."

"वडिलांना उघड्या अंगाने शेवटचं कधी पाहिलंत?"

आमोद आठवू लागला, आणि आठवतच राहिला.

तेवढ्यात श्रीनिवास आला. नम्रताचा नवरा, घरचा जावई. अडल्यानडल्याला पहिला धावून येणारा. आताही त्याच्या हातात सगळ्यांसाठी चहा होता.

"डॉक्टर, मधे बोलतो, माफ करा," तो अदबीने म्हणाला. "मला कुणावर आरोप करायचा नाही. पण उटणं धुतलं तरी अंगाच्या घड्यांत राहतं. काखेत, जांघेत. तिथूनच तर हे सुरू झालं आणि मग सगळीकडे पसरलं. साधी गोष्ट आहे."

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चहाचा पेला घेतला.

"साधी खरी," त्या म्हणाल्या.

आतून नर्स धावत आली. अप्पांचा रक्तदाब पुन्हा खाली गेला होता.

३

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा पार गेलेला होता. हेमाला तो कंटाळाच बरा वाटला असता.

"नीट ऐका," त्यांनी चौघांना, मागून येऊन पोचलेल्या नम्रतालाही, भिंतीशी गोळा केलं. "गोपाळकृष्णरावांना सोरायसिस आहे, जुना. सोरायसिस म्हटलं की कोपर-गुडघ्यांवर पांढरा कोंडा झडणारे चट्टे लोकांना आठवतात. यांचा तसा नाही. यांचा घड्यांत लपून बसणारा आहे. तिथे कोंडा नसतो, नुसती लाल, चकचकीत, चिरलेली कातडी. लोक नायटा समजतात आणि लाजेने गप्प बसतात."

"तो असा एकदम पेटतो?" आमोदने विचारलं.

"आपण होऊन क्वचित. माणूस बरेच महिने पोटातून स्टेरॉइड घेत असला आणि ते एकाएकी थांबलं, की पेटतो. लाली, पुवाचे फोड, ताप. शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, म्हणून रक्तदाब कोसळतो. तसं असेल तर एक इंजेक्शन त्यांना सावरेल. पण आत कुठे जंतू दडलेले असतील तर तेच इंजेक्शन घात करेल. आयसीयूतली मंडळी नुसत्या माझ्या अंदाजावर सुई टोचायला कचरतायत, आणि त्यांचं काही चूक नाही. रक्त तपासायला दिलंय, पण भाऊबीज आहे, रिपोर्ट उद्या. उद्यापर्यंत ते थांबतील असं मला वाटत नाही."

डॉक्टरांनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"ते काय घेत होते? आणि ते कधी बंद झालं?"

"अप्पा डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत," नम्रता तडकून म्हणाली. "उलट यंदा त्यांची तब्येत किती सुधारली होती! गाल वर आले, भूक वाढली, गुडघे दुखायचे थांबले. सगळे म्हणत होते, चेहऱ्यावर तेज आलंय."

"ते तेज नव्हतं, सूज होती. स्टेरॉइडने चेहरा असाच गोल होतो. हातावर आपोआप काळेनिळे डाग पडायचे?"

"पडायचे," हेमा हळूच म्हणाली. "विचारलं तर म्हणायचे, वयाने होतं."

"आणि नखं? सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत नखांवर."

"ते जुनं आहे," आमोद म्हणाला. "रेडिओचं दुकान होतं, बंद होऊन बरीच वर्षं झाली; तिथे ॲसिड, डाख द्यायचं सामान. त्यानं नखं खराब झाली."

"दुकान बंद होऊन किती वर्षं झाली म्हणालात? नख काही महिन्यांत मुळापासून नवं येतं. ॲसिडाने खराब झालेली नखं केव्हाच कापून गेली. हे खड्डे आजचे आहेत, सोरायसिसचे." डॉक्टर श्रीनिवासकडे वळल्या. "तुमच्या माहितीत काही औषध?"

"नाही बुवा," तो म्हणाला. "मी कशाला लपवीन?"

"लपवलंत असं मी कुठे म्हटलं?"

त्याने रिकामा पेला उगाचच दुसऱ्या पेल्यात घातला. नम्रताने हेमाकडे बोट केलं. "घरात चोवीस तास ही असते. हिलाच विचारा. हिनंच काही चारलं असेल."

आमोदने तोंड उघडलं आणि मिटलं. हेमाला सगळ्यात जास्त ते मिटलेलं तोंड लागलं. नवऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर का होईना, पण शंका चमकून गेली होती. अप्पा गेले असते तर ती शंका जन्मभर या घरात राहायला आली असती.

"मला घर दाखवा," डॉक्टर तिला म्हणाल्या. "लांब नाही ना? चालत जाऊ. रिक्षावाले या गल्ल्यांत शिरत नाहीत, शिरले तर निघत नाहीत."

४

"मला त्यांचा दिवस सांगा," वाटेत डॉक्टरांनी विचारलं. "उठल्यापासून. काही गाळू नका."

हेमा धापा टाकत सांगत गेली. उठतात, स्वतःचं पाणी तापवतात, अंघोळ, कपडे स्वतः धुऊन आपल्याच खोलीत वाळत घालतात. मग सोवळं नेसून, वर अंगभर उपरणं लपेटून पूजा. पूजेनंतर तीर्थ घेतात, तीर्थात चिमूटभर अंगारा घालून. मग चहा, वर्तमानपत्र, आणि बातम्यांतल्या सगळ्यांची अक्कल काढणं.

डॉक्टर थांबल्या. मागून येणारा सायकलवाला त्यांना धडकता धडकता वाचला आणि दोन शब्द सुनावून गेला.

"कसला अंगारा?"

"दत्ताचा. श्रीनिवासराव आणून देतात, पुड्या बांधून. देवघराच्या खणात असतात."

"कपाळाला लावतात?"

हेमाने आठवून पाहिलं. इतके महिने रोज समोर दिसत होतं आणि तिने ते एकदाही पाहिलं नव्हतं. "नाही. कपाळाला कधीच नाही. नुसता पितात. आणि एकदा चौरंगावर सांडला होता, तो... तो राखेसारखा नव्हता. पांढरट होता."

"पुड्या शेवटच्या कधी आल्या?"

"कोजागिरीच्या आधी. नंतर श्रीनिवासराव आले, पण पुड्या आणल्या नाहीत. अप्पा शेवटची पुडी अगदी नखाने उचलून पुरवत होते. मला वाटलं, श्रद्धा."

घरी पोचल्या तोवर हेमाला दम लागला होता. देवघर म्हणजे आतल्या खोलीचा एक कोपरा, उंबरा मात्र खराखुरा. ती उंबऱ्याशी अडखळली. इतक्या वर्षांची सवय पायात होती.

"जा, जा," डॉक्टर म्हणाल्या. "का मी जाऊ? मी सकाळी ऑम्लेट खाऊन निघालेय, आधीच सांगते."

हेमाने डोळे मिटून उंबरा ओलांडला आणि खण ओढला. कापूर, वाती, गंधाची उगाळणी, जुनी जानवी. पुडी एकही नव्हती. रिकामा कागदसुद्धा नव्हता.

"शेवटची पुडी होती ना?" डॉक्टरांचा आवाज शांत होता.

"होती. लक्ष्मीपूजनाला सकाळी त्यांनी त्यातूनच घेतलं, मी पाहिलं. जुने कागदही असायचे, अप्पा घड्या घालून जपून ठेवायचे."

फोन वाजला. आमोद होता. "लवकर ये," एवढंच बोलला.

५

हेमा उंबऱ्यावरच बसली. पुरावा होता तो गेला होता, आणि अप्पा चालले होते. "आता कोण विश्वास ठेवणार माझ्यावर? मी म्हणायचं पुड्या होत्या, आणि खण रिकामा. उलट मीच फेकल्या म्हणतील."

"रडायचं ते नंतर," डॉक्टर म्हणाल्या. "लक्ष्मीपूजनानंतर या खणाला हात कोणी लावला?"

"कोणी नाही. सोवळ्याशिवाय इथे कोणी येत नाही. आमोद इस्पितळातच आहे. पाडव्याला सकाळी श्रीनिवासराव आले, म्हणाले देव पारोसे राहायला नकोत. त्यांनी अप्पांचं सोवळं नेसून पूजा केली. मला बरं वाटलं होतं हो, कोणीतरी केली म्हणून. आज तर पूजाच झालेली नाही."

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच, स्वयंपाकघरात. नम्रताताईही होत्या. आम्ही डबा भरत होतो इस्पितळाचा. देवघर समोर दिसतं."

"म्हणजे जावईबापू पूजा करून तुमच्या दोघींच्या समोरून बाहेर गेले. अंगावर काय होतं?"

"सोवळं. नुसतं. वर काही नाही."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटलं. "सोवळ्याला खिसा नसतो," त्या म्हणाल्या. "मूठभर कागद हातात धरून दोन बायकांच्या समोरून तो जाणार कसा? पूजा केल्यावर माणूस देवघरातून काय घेऊन उठतो?"

हेमा ताडकन उभी राहिली. "निर्माल्य!"

निर्माल्याची पिशवी गॅलरीत खुंटीला टांगलेली होती. फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत, साठवून नदीकाठच्या निर्माल्य कलशात नेऊन सोडायची, हा या घरचा नियम. ते काम अप्पांचं. अप्पा इस्पितळात, म्हणून पिशवी तशीच लोंबकळत होती. वेणूबाई केर काढायला येत, पण निर्माल्याला त्याही हात लावत नसत. देवाचं म्हणून कोणी न उचकटणारी अशी एकच जागा घरात होती.

डॉक्टरांनी वर्तमानपत्र पसरलं. "ओतायचं नाही. वरून एकेक थर काढायचा."

सगळ्यात वर काही फुलं नव्हतीच. वरच होते घड्या घातलेले कागद, एकात एक कोंबलेले, आणि त्यांच्यात एक पुडी, अजून तळाशी चिमूटभर पांढरी पूड असलेली. त्यांच्याखाली चुरगळलेलं कमळ आणि झेंडू. त्याखाली शेवंती.

"हे कमळ?"

"लक्ष्मीपूजनाचं. आमोदने मंडईतून आणलं होतं. अप्पांनीच वाहिलं."

"वाहिलेलं फूल देवावरून कधी उतरतं?"

"दुसऱ्या दिवशीच्या पूजेला. पाडव्याला." हेमाने फुलांच्या थरावर बोट ठेवलं. "कमळाच्या वर कागद. म्हणजे कमळ उतरवल्यानंतर टाकलेत; फुलांखाली दडवून आणले आणि पिशवीत उपडे करताना वर आले. तेव्हा अप्पा इथे नव्हतेच."

डॉक्टरांनी पुडी रुमालात गुंडाळली. "चला. पायात बळ आहे ना?"

६

इस्पितळात तिघेही बाकावर होते. डॉक्टरांनी पुडी रुमालातून काढली आणि श्रीनिवाससमोर धरली.

"हे काय आहे, हे तपासायला वेळ लागेल. तुम्ही सांगितलंत तर लागणार नाही."

"मला काय माहीत?" तो म्हणाला. रंग मात्र उडाला होता.

"ही हिनंच ठेवली असेल!" नम्रता ओरडली.

"हेमाताईंना घरभर मोकळं रान होतं," डॉक्टर म्हणाल्या. "मोरी होती, चूल होती, बाहेर कचराकुंडी होती. त्या कशाला निर्माल्यात लपवतील आणि मग मलाच घेऊन जाऊन काढून दाखवतील? ज्याला लपवायला दुसरी जागाच नव्हती, त्याने हे तिथे टाकलं. पाडव्याला सोवळं नेसून पूजा कोणी केली, ते तुम्ही स्वतः पाहिलंय, नम्रताताई."

नम्रताने नवऱ्याकडे पाहिलं.

"आणखी एक. सकाळी हे मला म्हणाले, काखेतून, जांघेतून सुरू झालं. अप्पांना इथे आणलं तेव्हा फोड अंगभर होते. कुठून सुरू झालं हे पाहणाऱ्याला कळणं शक्य नव्हतं. घड्यांतली जुनी कातडी निराळी आहे, हे भिंग लावून मी पाहिलं, आणि ते तोवर मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मुलाला माहीत नाही, मुलीला नाही, सुनेला नाही. हे एकट्या जावयालाच कसं माहीत? एकच उत्तर आहे. अप्पांनी याला दाखवलं होतं."

श्रीनिवासने तोंड ओंजळीत धरलं.

"अहो," नम्रता म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "बोला ना. अप्पा जातायत."

"अप्पांनीच गळ घातली होती," तो ओंजळीतूनच बोलला. "कोणाला कळू द्यायचं नाही म्हणाले. एक माणूस जडीबुटीच्या पुड्या द्यायचा, त्याच्याकडे मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. गुण आला. मग पुड्या मीच आणू लागलो. अंगारा म्हणायची कल्पनाही माझीच. कोजागिरीच्या सुमाराला त्याच्याकडे धाड पडली. पुड्यांत स्टेरॉइड सापडलं. तो पळाला. मी घाबरलो. अप्पांना म्हटलं, आता बरं आहे ना, बंद करा. मला वाटलं, बंद केलं की विषय संपला."

"स्टेरॉइड. नक्की?"

"नक्की. मी स्वतः वाचलंय."

डॉक्टर त्याच क्षणी आत गेल्या. काचेतून हेमाला त्यांची पाठ दिसली, तरुण डॉक्टरांची घोळक्यातली डोकी दिसली, मग नर्सच्या हातातली सुई दिसली.

त्या परत आल्या त्या थेट श्रीनिवासपुढे. "पुड्या दिल्यात ते अज्ञान. एकाएकी बंद केल्यात तेही अज्ञान. तेवढं मी समजू शकते. पण लक्ष्मीपूजनापासून तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही चहा वाटत फिरत होतात. उटण्याचं नाव तुम्हीच पहिल्यांदा काढलंत ना?"

त्याने मान हलवली. नम्रता बाकावरून उठली आणि त्याच्यापासून लांब, हेमाच्या शेजारी येऊन उभी राहिली. हेमाने जरा सरकून तिला जागा दिली.

संध्याकाळ कलली तसा रक्तदाबाचा आकडा वर सरकू लागला. आमोद हेमाजवळ येऊन म्हणाला, "मी सकाळी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," हेमा म्हणाली. तिने ते सोडून दिलं नाही, पण त्याचा हातही झटकला नाही.

७

अप्पा घरी आले तेव्हा तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. श्रीनिवासने पोलिसांत जाऊन आपण होऊन सगळं सांगितलं होतं; पुड्यावाल्याचा शोध चालू होता. हवालदार उटण्याची बरणी परत देऊन गेला होता. "वास चांगला आहे हो," असंही म्हणून गेला.

अप्पांच्या फोडांच्या खपल्या पडून गेल्या होत्या. नवी औषधं लागू पडत होती. डॉक्टरांनी अंगाला लावायला मलम दिलं होतं, आणि ते पाठीला लावायला माणूस लागत होता. आमोद कचेरीत गेलेला. अप्पा आपल्या खुर्चीवर मलमाची ट्यूब हातात घेऊन बसले होते. हेमा दाराशी उभी राहिली, नेहमीच्या अंतरावर.

"मी लावू?"

"नको. तुला लागेल."

"डॉक्टर म्हणाल्या, हा रोग कोणाला लागत नाही."

"त्या आता म्हणाल्या," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. "मला एवढी वर्षं कोण सांगणार होतं? तुझ्या सासूला शेवटी शेवटी अंगाला खाज सुटायची. मला वाटलं, माझंच तिला लागलं. मग ठरवलं, तुम्हाला लागू द्यायचं नाही. टॉवेल, कपडे, खुर्ची... सांगायची लाज वाटत होती. सोवळं म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

रडून सगळ्यांसमोर बोललेलं ते वाक्य हेमाला आठवलं, आणि त्या वेळी मान खाली घालून निघून गेलेले अप्पाही. त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते देता येत नव्हतं.

ती आत आली. त्यांच्या हातातून ट्यूब घेतली. अप्पांनी बराच वेळ लावून सदऱ्याची बटणं काढली आणि पाठ तिच्याकडे केली. लालसर, नवी, पातळ कातडी. तिने बोटावर मलम घेतलं आणि हलक्या हाताने खांद्यापासून लावायला सुरुवात केली. अप्पांचं अंग आधी आक्रसलं, मग हळूहळू सैल पडलं.

"गार आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, आवाज जरा खाकरून, "याला काही वास नाही. पुढच्या दिवाळीला आंबेहळद आणखी थोडी घाल."

"घालीन," हेमा म्हणाली, आणि डोळे पुसायला हात रिकामा नव्हता म्हणून तशीच लावत राहिली.